मेंदूतल्या धमनीला फुगा: कवटी न उघडता होणारा उपचार, पायरी पायरीने

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या माझ्या मावशीला सकाळी उठताना चक्कर यायची म्हणून फोंड्यात मेंदूचा एमआरआय काढला. चक्करेचं कारण त्यात सापडलं नाही. सापडलं ते भलतंच: डाव्या कॅरोटिड धमनीवर (मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी), डोळ्याच्या मागच्या बाजूला, ८ मिलिमीटरचा फुगा. रिपोर्ट संध्याकाळी सातला हातात आला, डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते, आणि मधल्या रात्री मावसभावाने मोबाइलवर काय काय वाचून काढलं ते विचारू नका. पहाटेपर्यंत घरात कोणी झोपलं नाही. झोपली ती एकटी मावशी.

मी डॉक्टर नाही, तिच्या फायली सांभाळणारी भाची आहे. त्या रात्री आम्हाला कोणीतरी समोर बसवून जे सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: फुटलाय की नाही, एवढंच आधी ठरवा

धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुतेकदा फाटा फुटतो तिथे, कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. हाच अ‍ॅन्युरिझम. मोठ्या माणसांत शंभरातल्या सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना तो कधीच कळत नाही. न फुटलेला फुगा म्हणजे विचार करायला वेळ आहे. फुटलेला फुगा म्हणजे घड्याळ सुरू झालं.

फुटल्याची खूण एकदा ऐकली की विसरत नाही: डोक्यात वीज पडावी तसं दुखणं, क्षणात सुरू होऊन मिनिटाभरात शिगेला पोचणारं, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं. सोबत उलटी, मान आखडणं, उजेड न सोसणं, शुद्ध हरपणं किंवा झटका यांपैकी काहीही. दुखणं फार नसलं तरी एका डोळ्याची पापणी अचानक खाली आली आणि बाहुली मोठी दिसू लागली, तर तीही तातडीच समजा. न फुटलेला फुगा वाढून डोळ्याची नस दाबत असू शकतो.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते ठाऊक आहे. ‘पित्त झालंय, कोकमाचं सरबत घे’, मग बाम, मग डोकेदुखीची गोळी. या गोळीपाशी थांबा. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो तिथे ते देणं आगीत तेल. खायला-प्यायलाही काही देऊ नका.

१०८ ला फोन करा आणि ‘अचानक’ हा शब्द वापरा: अचानक आलेली, आजवरची सर्वांत वाईट डोकेदुखी. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवा. ही वेळ फार कामाची असते, कारण पहिल्या सहा तासांत काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव सहसा निसटत नाही. नंतर काढलेला स्कॅन साफ दिसला तरी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासावं लागू शकतं. म्हणून गावच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन ‘बघू सकाळी’ म्हणण्यात वेळ घालवू नका. जिथे सीटी आणि मेंदूचे सर्जन दोन्ही आहेत तिथेच जायचं. काणकोण, सांगे किंवा पेडण्याहून निघणाऱ्यांनी तर निघतानाच १०८ च्या माणसाला विचारावं की थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, नेणार की आधी जिल्हा इस्पितळात.

एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो. त्यामुळे तो शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच दिवसात, बंद करतात. तिथे दहा ठिकाणी मत घेत फिरायला सवड नसते. पुढच्या मधल्या पायऱ्या मुख्यतः ज्यांचा फुगा फुटलेला नाही त्यांच्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: मिलिमीटरच्या पलीकडे वाचा

रिपोर्टवर सगळ्यांची नजर आकड्यावर जाते. आकार महत्त्वाचा आहेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी कधी रक्तस्राव न झालेल्या लोकांत मेंदूच्या पुढच्या धमन्यांवरचे ७ मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत जवळजवळ फुटलेच नाहीत. पण २०१२ साली जपानमधून ५,७२० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात फुटण्याचं सरासरी प्रमाण वर्षाला शंभरात एकाच्याही किंचित खाली होतं, आणि फुगा कुठे आहे, कसा आहे यावर ते बरंच बदलत होतं. डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या धमन्यांना जोडणाऱ्या बारीक धमन्यांवरचे फुगे जास्त धोक्याचे निघाले. फुग्यावर आणखी एक लहान फुगा असेल तरीही तसंच.

म्हणून डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: कोणत्या धमनीवर आहे, आकार केवढा, मान किती रुंद, आणि कडा गुळगुळीत आहे की वेडीवाकडी. मान म्हणजे फुग्याचं तोंड, जिथे तो धमनीला चिकटतो. कोणतं उपकरण वापरायचं ते बरंचसं या मानेवर ठरतं. मग रुग्णाकडे बघायचं: वय, रक्तदाब, सिगरेट, घरात आणखी कोणाला असा फुगा होता का, मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे का.

हे सगळं मांडल्यावर ‘काही करू नका, वर्षाने पुन्हा एमआरए (एमआरआयवर काढलेलं धमन्यांचं चित्र) काढा’ असं उत्तर येऊ शकतं. आमच्या शेजारच्या ७८ वर्षांच्या आजोबांना ३ मिलिमीटरच्या फुग्यासाठी हेच सांगितलं, तर घरच्यांना वाटलं डॉक्टर टाळतायत. टाळत नव्हते. उपचारालाही स्वतःचा धोका असतो: धमनीत गुठळी होऊन पक्षाघात, फुगा हाताळताना फुटणं, टोचलेल्या जागी रक्त साकळणं. फुग्याचा धोका उपचाराच्या धोक्याहून मोठा असेल तेव्हाच हात घालायचा.

एमआरए किंवा सीटी अँजिओग्राफीवर निर्णय होत नसेल तर डीएसए करतात. धमनीतून नळी नेऊन, रंगद्रव सोडून, थेट चित्र घेणं. मेंदूच्या धमन्यांचं असं पहिलं चित्र १९२७ साली लिस्बनला एगाश मोनिझ यांनी घेतलं. 

तिसरी पायरी: कोणतं उपकरण आणि का

जुना रस्ता कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावण्याचा, क्लिपिंगचा. तो १९३७ पासून आहे आणि आजही मोडीत निघालेला नाही. काही फाट्यांवरचे फुगे, किंवा फुटून मोठी गाठ साकळलेली असेल तर, तोच बरा ठरतो. तुमचे डॉक्टर क्लिपिंगचं नावच काढत नसतील तर तुम्ही काढा.

आतून जाण्याच्या रस्त्यावर पहिलं उपकरण कॉइल. केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार फुग्यात सोडायची, ती आत गुंडाळी होऊन बसते, मग बारीक वीजप्रवाह देऊन मागची तार सुटी करायची. गुल्येल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी ही युक्ती लॉस एंजेलिसमध्ये काढली आणि १९९० मध्ये पहिल्या रुग्णात वापरली. २००२ साली फुटलेल्या फुग्यांच्या २,१४३ रुग्णांवरचा अभ्यास आला. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबन क्लिपवाल्या गटात शंभरात सुमारे ३१ जणांना, कॉइलवाल्या गटात सुमारे २४ जणांना. दोन्ही उपाय करता येतील असेच रुग्ण त्यात घेतले होते, हे मात्र ध्यानात ठेवा.

मान रुंद असेल तर कॉइल बाहेर घसरते. तेव्हा तात्पुरता बलून फुगवून किंवा धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, ठेवून तिला आधार देतात.

मावशीला यापैकी काही नाही, फ्लो डायव्हर्टर सुचवला. ही अतिशय घट्ट विणीची जाळीची नळी. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या फ्लो डायव्हर्टरला ४८ तारांची वीण आहे. गंमत म्हणजे ती फुग्यात जातच नाही, धमनीतच फुग्याच्या तोंडावरून बसते. डॉक्टर पाकिटाच्या मागे चित्र काढून समजावत होते, तेव्हा काका म्हणाले, ‘म्हणजे पाटासारखं.’ डॉक्टर थांबले. काकांनी पेन घेतलं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाण्याच्या पाटाच्या काठाला भगदाड पडलं की पाणी बाजूला घुसून डबकं करतं. डबकं दगडांनी भरता येतं, ती झाली कॉइल. किंवा पाटालाच आतून अस्तर लावायचं. मग पाणी सरळ पुढे जातं, डबक्यातलं पाणी हलायचं थांबतं, हळूहळू गाळ बसतो आणि काही महिन्यांनी काठ पुन्हा सारखा होतो. ‘हे मी पुढच्या पेशंटला सांगणार,’ डॉक्टर म्हणाले. याहून चांगलं स्पष्टीकरण मी अजून कुठे वाचलेलं नाही.

काकांच्या चित्रात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. फुगा त्याच दिवशी बंद होत नाही, गाळ बसायला वेळ लागतो. आणि अस्तर नवं असेपर्यंत पाटातच काही साचता कामा नये, म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या लागतात. याच कारणाने नुकत्याच फुटलेल्या फुग्यात फ्लो डायव्हर्टर सहसा पहिली निवड नसतो.

चौथं उपकरण वेब: निटिनॉल धातूची, तारांनी विणलेली लहानशी टोपली, जी फुग्याच्या आतच उघडते. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीस मान्य झाली. फाट्यावरच्या रुंद मानेच्या फुग्यांसाठी ती आहे, आणि धमनीत काही राहत नसल्याने दोन गोळ्यांची दीर्घ गरज सहसा पडत नाही.

चौथी पायरी: सीडी घ्या, मत घ्या, पैशाचं बोला

रिपोर्टच्या कागदावर दुसरं मत मिळत नाही. स्कॅन सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ चित्रं मागा, ती देतात. गोव्यात दाखवा, बेळगावला दाखवा, मुंबई-बंगळुरूला कोणी ओळखीचं असेल तर तिथेही पाठवा. तीन ठिकाणांपलीकडे जाऊ नका. आम्ही पाचजणांना दाखवलं आणि फक्त गोंधळ वाढवला.

विचारायचं ते हे: हे काम तुम्ही स्वतः वर्षाला किती करता? तुमच्याकडे पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण किती? रात्री दोनला काही बिघडलं तर कॅथलॅब (जिथे धमनीत नळी घालून हे काम करतात ती खोली) उघडणारी माणसं इथेच असतात का? आकड्यांचा राग येणाऱ्या डॉक्टरकडून मी तरी उठून आले असते. आमच्या डॉक्टरांनी वही काढून दाखवली.

पैशाचं बोलणं भरतीच्या आधी. खर्चाचा मोठा वाटा उपकरणाचा असतो, खोलीचा नव्हे. कॉइल किती लागतील ते आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून ‘इतक्या कॉइल धरून इतके, पुढे प्रत्येकी इतके’ असा अंदाज लेखी घ्या. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१६ साली ती सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचं संरक्षण ठरलं होतं. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. मग इस्पितळाच्या योजना-खिडकीवर तुमच्या नेमक्या उपचाराचं नाव सांगून विचारा: पॅकेजमध्ये उपकरण धरलंय की नुसतं ऑपरेशन? या एका प्रश्नाने आमचा एक फेरा वाचला.

पाचवी पायरी: आधीचे दोन आठवडे

दात तपासून घ्या. हसू नका, पुढे कळेल. हलणारा, किडलेला, काढायचा असलेला दात गोळ्या सुरू होण्याआधीच काढा.

स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसणार असेल तर साधारण आठवडाभर आधी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू करतात. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतात बदलूनच काम करतं, आणि आपल्या लोकांत बऱ्याच जणांच्या शरीरात हा बदल नीट होत नाही. म्हणून प्लेटलेटची तपासणी करून औषध लागू पडतंय का ते बघतात, नसेल तर टिकॅग्रेलॉरसारखं दुसरं देतात. ही तपासणी होणार का ते विचारा. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत असाल तर सांगा, ते क्लोपिडोग्रेलच्या कामात अडथळा आणतं. सहसा पॅन्टोप्राझोलवर बदलून देतात.

मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या, वैद्यांचे काढे, सगळं एका कागदावर लिहून द्या. रंगद्रव मूत्रपिंडातून बाहेर जातो, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. आणि गोव्यात हमखास येणारा प्रश्न: तिसऱ्या-सुंगटांची (शिंपल्या-कोळंबीची) अ‍ॅलर्जी आहे, मग रंगद्रव चालेल का? सांगून ठेवा, पण तेवढ्याने तो वर्ज्य होत नाही. पूर्वी याच रंगद्रवाने अंगावर पित्त उठलं असेल किंवा दम लागला असेल तर ते मात्र ठळक सांगा. निकेलच्या दागिन्यांनी कातडी चरचरत असेल तर तेही सांगा, कारण निटिनॉलमध्ये निकेल असतं.

सहावी पायरी: तो दिवस

रात्रीपासून उपाशी. बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात, कारण रुग्ण जराही हलता कामा नये. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत टोचून नळी आत जाते, महाधमनीतून वर, मानेतून मेंदूपर्यंत. शेवटची बारीक नळी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत. आत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देतात. दोन-तीन तास धरून चला, जास्त लागले म्हणजे बिघडलंच असं नाही.

बाहेर बसणाऱ्यांनी दोघांहून जास्त येऊ नये. आमच्याकडून नऊजण गेले, त्यातले चौघे मावशी शुद्धीवर येण्याआधी जेवायला गेले आणि तिने पहिली विचारपूस त्यांचीच केली.

त्यानंतर अतिदक्षता विभागात एक रात्र. दर तासाला नर्स डोळ्यांत बॅटरी मारते, हात वर करायला, नाव सांगायला लावते. जांघेतून गेले असतील तर तो पाय काही तास सरळ ठेवायचा. पाचला उठून अंगण झाडणाऱ्या बाईला हे फार जड गेलं. टोचलेल्या जागी सूज, ओलसरपणा, पाय गार पडणं, बोलणं अडखळणं, एक हात जड वाटणं, नजर अंधुक होणं: काहीही जाणवलं तर ‘सिस्टर बिझी आहेत’ म्हणून गप्प बसायचं नाही. न फुटलेल्या फुग्याचा रुग्ण सारं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत घरी येतो.

फुटलेल्याचं गणित वेगळं. फुगा बंद झाला तरी साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या धमन्या आकसण्याचा धोका असतो. त्यासाठी निमोडिपिन एकवीस दिवस देतात, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा होऊ शकतो. घरून येणाऱ्यांच्या पाळ्या पहिल्याच दिवशी लावा.

सातवी पायरी: घरी, गोळ्यांसोबत

उपचाराचा हा भाग तुमच्या हातात असतो, आणि आमचं घसरलं ते इथेच.

तिसऱ्या महिन्यात, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात, मावशीची दाढ ठणकू लागली. ती कोणाला न सांगता जवळच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी गोळ्या बघून सांगितलं, ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, आठ दिवस बंद करा, मग दाढ काढू.’ तिने दोन्ही बंद केल्या. चौथ्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या सजावटीचं) सामान काढताना फडताळात मला गोळ्यांचं पाकीट दिसलं, आणि मोजल्या तर आठ जास्त. फोन केला. तिच्या डॉक्टरांचा आवाज बदललेला मला कळला: आत्ताच्या आत्ता गोळ्या सुरू करा आणि तिला घेऊन या. जाळीत गुठळी झाली नव्हती. नशीब. दातवाल्यांना दोष द्यावा, तर डोक्यात जाळी बसवलीय हे तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. शेवटी दाढ गोळ्या चालू ठेवूनच, टाका घालून काढली. बहुतेक वेळा तसं करता येतं.

तेव्हापासून फडताळाच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: ‘या दोन गोळ्या फक्त अमुक डॉक्टरच बंद करू शकतात’, खाली त्यांचा नंबर. उपकरणाचं कार्ड पर्समध्ये. एमआरआय काढायची वेळ आली तर ते आधी दाखवायचं. बहुतेक उपकरणांवर एमआरआय करता येतो, पण कोणत्या अटींवर ते कार्डावर बघतात.

दुसरी गोळी साधारण तीन ते सहा महिने आणि अ‍ॅस्पिरिन त्यापुढेही बराच काळ, हा सर्वसाधारण क्रम. नुस्तं (मासे) खा, भाजी खा, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणाऱ्यांसारखं पालेभाजीचं पथ्य यात नाही. विळीवर बोट कापलं तर दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. डोक्यावर आपटलं, शौच काळी झाली, किंवा पुन्हा ती वीज पडल्यासारखी डोकेदुखी आली, तर थांबू नका.

आठवी पायरी: पुन्हा पाहणं

सहा महिन्यांच्या आसपास अँजिओग्राफी, पुढे डॉक्टर सांगतील तसं. पहिल्या फ्लो डायव्हर्टरच्या मुख्य अभ्यासात, ज्यात कॅरोटिडवरच्या मोठ्या फुग्यांचे (योगायोगाने) १०८ रुग्ण होते, सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ७४ फुगे पूर्ण बंद होते, वर्षाने ८७, पाच वर्षांनी ९५. म्हणजे सहाव्या महिन्यात ‘थोडा भरतोय’ असं ऐकलं तर खचू नका. मावशीचं तेच झालं. काका पडद्यावरचा तो करडा ठिपका बघून ‘गाळ बसतोय’ एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी ठिपका दिसला नाही. कॉइलही कालांतराने दबून फुगा थोडा उघडू शकतो, म्हणून कॉइलवाल्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तारीख चुकवू नये.

उरला भावंडांचा प्रश्न. पहिल्या नात्यात दोन किंवा अधिक जणांना फुगा असेल, किंवा मूत्रपिंडाचा तो आनुवंशिक आजार असेल, तर बाकीच्यांनी एमआरए काढून घ्यावा असं सांगतात. आमच्याकडे मावशी एकटीच, म्हणून डॉक्टरांनी बाकीच्यांचा स्कॅन लिहिला नाही. रक्तदाब मोजा आणि ओढणारे असाल तर सोडा, एवढंच सांगितलं. आईचा रक्तदाब आता दर रविवारी मोजतो. मामाची सिगरेट बंद आहे, निदान आमच्यासमोर तरी.